लाकूड गेले, नांगर उरले: कोकणातील शिवलेल्या जहाजांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

भारतीय नौदलाने 21 मे 2025 रोजी कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज दाखल करून घेतले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात दिसणाऱ्या पाचव्या शतकातील जहाजावर ते बेतले असून बांधणी गोव्यात झाली. नमुन्याला घ्यावा असा त्या काळचा एकही भारतीय सांगाडा हाताशी नव्हता. तरीही जहाज उभे राहिले ते सागरी पुरातत्त्व, पारंपरिक कारागिरीचा अभ्यास आणि अभियांत्रिकी या तीन वेगवेगळ्या शाखांनी एकमेकींच्या उणिवा भरून काढल्यामुळे, आणि त्याची मुळे कोकण किनाऱ्यावरच्या चार दशकांच्या कामात आहेत.

गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम 1981 मध्ये सुरू झाले. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव त्याचे प्रमुख होते. सुरुवातीचा भर द्वारकेवर राहिला. पुढे गोवा, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गच्या पाण्यातही पाहणी झाली. कोकणात हाती काय लागले यापेक्षा काय लागले नाही हे जास्त बोलके आहे. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीची भांडी होती. जहाज कसे बांधले होते हे सांगणारे लाकूड मात्र नव्हते.

याचे कारण तळाच्या स्वरूपात आहे. बुडालेले लाकूड टिकायचे तर ते लवकरात लवकर हवाबंद गाळात पुरले जावे लागते. उघडे राहिले की टेरेडो हा शिंपल्याच्या कुळातला लाकूडखाऊ जीव ते आतून पोखरतो. वरून फळी धड दिसते, आत नुसती जाळी उरते. किल्ल्यांभोवतीचे तळ बहुतेक खडकाळ, त्यावर वाळूचा पातळ थर, आणि जून ते सप्टेंबरच्या लाटा तो दरवर्षी उलथून टाकतात. मग मागे राहतात दगड, लोखंड आणि मातीची भांडी.

म्हणूनच या किनाऱ्यावर दगडी नांगरांना एवढे महत्त्व आले. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या पाण्यात ते मिळाले आहेत. ‘इंडो-अरब’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार लांबट चौकोनी ठोकळ्याचा असतो. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खाली एकमेकांशी काटकोनात दोन चौकोनी भोके. त्यांत लाकडी दांडे बसवत आणि तळ धरायचे काम ते दांडेच करत. खडकाच्या कपारीत दांडा अडकला की नांगर वर येत नसे आणि दोर कापून निघावे लागे. एकट्या नांगरावरून काळ ठरवणे धोक्याचे, कारण एकच घडण शतकानुशतके चालत राहिली आणि जुने नांगर उचलून पुन्हा वापरलेही गेले. शेजारी खापर मिळाले तरच तारखेला आधार मिळतो.

शोधयंत्रांनाही इथे मर्यादा आहेत. मॅग्नेटोमीटर लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपतो, पण दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने खडकाचे संकेत तोफेच्या संकेतात मिसळतात. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणाऱ्या साइड-स्कॅन सोनारमध्ये बेसाल्टची सरळसोट डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याची उभी पट्टी) हुबेहूब भिंतीसारखी दिसते. पाणबुड्याने खाली उतरून सांधे आणि घडाईच्या खुणा हाताने चाचपल्याशिवाय ‘भिंत सापडली’ म्हणू नये, असे आमचे ठाम मत आहे.

जहाजाच्या अंगाची माहिती मग पाण्याबाहेर, माणसांकडे शोधावी लागली. जेम्स हॉर्नेल यांनी 1920 मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीचा मानवशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. उलांडीच्या (तोल राखायला बाजूला ओंडका जोडलेल्या) होड्यांचा संबंध त्यांनी पूर्वेकडच्या बेटांवरील लोकांशी जोडला. तो निष्कर्ष आज जसाच्या तसा कोणी स्वीकारत नाही, पण त्यांच्या नोंदी अजूनही उपयोगी पडतात. गोवा-कारवार पट्ट्यात रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या काथ्याने शिवत. यांत्रिक मासेमारी आणि फायबरच्या होड्या आल्यावर ते काम मागे पडले. कौंडिण्य बांधायला कारागीर केरळातून आणावे लागले, बाबू शंकरन यांच्या हाताखाली.

शिवणीत सांगाडा आधी उभा करत नाहीत. तळाच्या पठाणावर (कण्याच्या लाकडावर) वाफेने वाकवलेली एकेक फळी चढवतात आणि बरगड्या नंतर बसवतात. फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोके पाडून सांध्यावर काथ्याची वळी ठेवतात. एक कारागीर आतून आणि दुसरा बाहेरून दोरी ओढून ती वळी आवळत जातो. भोके तंतू व राळेने बुजवून वर माशाचे तेल चोपडतात. भोक कडेच्या फार जवळ गेले तर दोरी ताणताना फळी चिरते, फार लांब गेले तर सांधा नीट मिटत नाही. बाहेरचे टाके वाळूवर घासून तुटू नयेत म्हणून भोकांमध्ये खाच पाडून दोरी आत बसवतात. शिवलेले अंग लाटेबरोबर थोडे लवते, त्यामुळे किनाऱ्यावर आपटूनही तडकत नाही. मात्र दोरी ढिली पडते, कुजते, आणि होडी ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवावी लागते.

अभियंत्यांपुढचा पेच वेगळा होता. चित्राला खोली नसते, आणि चित्रकार जहाजाच्या मानाने माणसे मोठी काढतो, म्हणजे मापाला तिथून आधार नाही. चौकोनी शिडे आणि वल्ह्यासारखी सुकाणू आजच्या नौकाबांधणीत वापरली जात नसल्याने तयार आकडेवारीही नव्हती. जहाजाच्या आकाराची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये लहान प्रतिकृतीवर घेतली गेली, डोलकाठीच्या ताकदीचे गणित नौदलाने केले. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघून जहाज जानेवारीत मस्कतला पोचले. अजिंठ्याचे जहाज नेमके असेच होते, हे यातून सिद्ध होत नाही. या पद्धतीने शिवलेले जहाज अरबी समुद्र ओलांडू शकते, एवढे झाले.

किनाऱ्यावर आजही एखादी जुनी शिवलेली होडी माडाखाली पडलेली मिळाली, तर नुसता फोटो काढून भागत नाही. फळीची जाडी, दोन भोकांमधले अंतर, भोकापासून कडेपर्यंतचे अंतर, दोरीचा पीळ आणि टाका आतून कसा फिरवला आहे, हे सगळे मोजून लिहून ठेवावे लागते. बुडालेल्या जहाजाची एखादी फळी उद्या गाळात सापडलीच, तर ती ओळखायला हीच मापे लागतील.