शाश्वत छतनिवड

शाश्वत छतनिवड : इमारतीचे छत ठरवताना किंमत, मजबुती आणि रूप यांच्या जोडीला त्या छताचा पर्यावरणावर पडणारा एकूण भार तपासण्याची पद्धत. कच्चा माल काढण्यापासून ते छत मोडीत निघेपर्यंतचा हिशेब तीत धरतात. अशा जीवनचक्र मूल्यांकनाची चौकट आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) हिच्या १४०४० आणि १४०४४ या मानकांत दिली आहे.

अमुक साहित्य मुळातच ‘हरित’, असे गृहीत धरले की निवड फसते. भार मोजायचा तो दर चौरस मीटरला आणि दर वर्षाला. डांबरी शिंगल्स (एकावर एक बसवायचे चपटे तुकडे) साधारण २०–३० वर्षे टिकतात. चांगल्या स्लेटचे, म्हणजे पाटीच्या दगडाचे, छप्पर शंभरी गाठू शकते, म्हणजे तेवढ्या काळात शिंगल्स तीन-चार वेळा बदलाव्या लागतात. पण स्लेट आणि कौले जड. पोलादी पत्रा चौरस मीटरला ५–१० किलो भरतो, तर कौले ४०–५० किलोंच्या घरात जातात. ते वजन पेलणारे वासे आणि तुळयाही मग छताच्याच खात्यावर मांडाव्या लागतात. ॲल्युमिनियमचा पत्रा चांगला की वाईट, हे तो कशापासून बनला यावर ठरते : भंगारातून धातू पुन्हा घडवायला खनिजातून काढण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

उष्णतेच्या बाबतीत दोन गुण पाहतात : परावर्तकता (ऊन परतवण्याची क्षमता) आणि उत्सर्जकता (शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता). नवा पांढरा लेप सुमारे ८० टक्के ऊन परतवतो, काळे डांबरी छत ५–१० टक्के. चकचकीत बिनरंगी पत्राही बरेच ऊन परतवतो, तरी दुपारी त्याला हात लावला तर चटका बसतो. शोषलेली उष्णता तो सहजी बाहेर टाकत नाही. म्हणून दोन्ही गुण मिळून सौर परावर्तन निर्देशांक काढतात. त्यात प्रमाणित काळ्या पृष्ठाला ० आणि पांढऱ्याला १०० गुण असतात. ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत कमी उताराच्या नव्या छताला ८२ गुण लागतात, तीन वर्षांनी ६४ चालतात. धूळ, काजळी आणि शेवाळ लेपाचे काय करतात, ते या फरकातून कळते. माहितीपत्रकात नव्या लेपाचाच आकडा ठळक असेल, तर जुना झाल्यावरचा मागून घ्यावा. थंड प्रदेशात पांढरे छत हिवाळ्यात उलटते, खोल्या तापवण्याचा खर्च वाढवते. तिथे रंगापेक्षा उष्णतारोधक थर महत्त्वाचा. मात्र या थरासाठीचे काही फोम फुगवण्यासाठी वापरलेल्या एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायूंचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक शेकडो पट असतो.

पाणी साठवायचे असल्यास हिशेब सोपा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. शिशाचे सांधे असलेल्या छतावरचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये. हिरवे छत, म्हणजे मातीच्या थरात झाडे लावलेले छत, पाऊस धरून ठेवते, पण पातळ थराचेही वजन भिजल्यावर चौरस मीटरला ६०–१५० किलो होते आणि खाली गळती लागली तर ती शोधणे जिकिरीचे.

सौरपट्ट (सोलर पॅनेल) साधारण २५ वर्षे चालतात. छताचे १० वर्षेच आयुष्य उरले असेल, तर आधी छत बदललेले बरे; एरवी पट्ट उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च माथी बसतो.

जोडणीकडे सहसा दुर्लक्ष होते. स्क्रूने आवळलेला पत्रा किंवा रिपांवर ठेवलेली कौले सुटी निघतात आणि दुसरीकडे वापरता येतात. फोमला चिकटवलेला पाणीरोधक पडदा बहुधा फोमसकट कचऱ्यात जातो. सर्वांत त्रासदायक वारसा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. स्वस्त, टिकाऊ आणि आगीला न जुमानणारे म्हणून हे पत्रे जगभर बसवले गेले. त्यांचे तंतू श्वासावाटे गेल्यास कर्करोग होतो, त्यामुळे युरोपीय संघाने २००५ पासून त्यांवर सरसकट बंदी घातली. जुने पत्रे फोडायचे नसतात. ते ओले करून, शक्यतो अखंड उतरवून, बंदिस्त गुंडाळून वेगळे पुरावे लागतात.