ऑनलाइन गेममधील सर्व्हर मेंटेनन्स आणि डाउनटाइम

ऑनलाइन गेमचा सर्व्हर खेळाडूंसाठी बंद असतो त्या काळाला डाउनटाइम म्हणतात. ठरवून, आगाऊ सूचना देऊन घेतलेला डाउनटाइम म्हणजे मेंटेनन्स. न सांगता ओढवलेला तो आउटेज. पडद्यावर दोन्ही वेळा अनेकदा ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ असाच निरोप दिसतो, त्यामुळे खेळाडूंच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात. चालवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. सर्व्हर बंद असताना करायचे काम आधी घोकून ठेवता येते. गेम बिघडतो तो बहुधा बंद करताना किंवा पुन्हा उघडताना.

बंद का करावा लागतो

वेबसाइटच्या शंभर मशीनपैकी एकेक बाजूला काढून बदलता येते, कारण प्रत्येक विनंती सुटी असते. गेमचे तसे नाही. पात्र कुठे उभे आहे, राक्षसाची किती ताकद उरली आहे, कोणाच्या हातात काय आहे, हे सगळे त्या क्षणी सर्व्हरच्या मेमरीत असते आणि प्रक्रिया, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेला प्रोग्रॅम, थांबली की पुसले जाते. शिवाय क्लायंट (खेळाडूच्या उपकरणावरचा गेमचा प्रोग्रॅम) आणि सर्व्हर यांची आवृत्ती जुळावी लागते. नव्या पॅचमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, संदेशांची रचना बदलली असेल तर जुना क्लायंट जोडूच शकत नाही. डेटाबेसमधल्या कोट्यवधी ओळींच्या तक्त्याची रचना बदलताना तो तक्ता बराच वेळ अडकून पडू शकतो. ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा पॅच असतात, आणि आठवडाभर चालून मेमरी गळणाऱ्या, म्हणजे वापरलेली मेमरी मोकळी न करणाऱ्या, प्रक्रियाही असतात. त्यांना रीस्टार्ट हाच रोख इलाज.

छोट्या सामन्यांच्या गेमला यातून पळवाट आहे. नवे सामने नव्या आवृत्तीच्या मशीनवर पाठवायचे, जुन्या मशीनवरचे सामने आपोआप संपू द्यायचे आणि रिकामे झालेले मशीन काढून घ्यायचे. सामना अर्ध्या तासाचा असेल तर तासाभरात बदल पुरा होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. सतत चालू राहणाऱ्या जगाच्या गेमला ही सोय नाही, म्हणून त्यांचे वेळापत्रक ठरलेले असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे साप्ताहिक मेंटेनन्स उत्तर अमेरिकेत मंगळवारी आणि युरोपात बुधवारी होते. ईव्ह ऑनलाइन रोज 11:00 यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) बंद होतो. पूर्वी त्याला तासभर लागे, आता काही मिनिटे पुरतात. रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेटबरोबर सगळ्या सर्व्हरांचे नकाशे पुसले जातात.

आकडेमोड इथे बोलकी आहे. महिन्याला 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे जेमतेम 43 मिनिटांचा डाउनटाइम. आठवड्याला चार तास मेंटेनन्स घेणारा गेम 97.6 टक्क्यांवरच थांबतो. म्हणून बहुतेक कंपन्या नियोजित वेळ हिशेबातून वगळतात. खेळाडू अर्थातच वगळत नाहीत.

बंद करण्याचा क्रम

सूचना किमान 24 तास, मोठ्या पॅचसाठी दोन-तीन दिवस आधी देतात. वेळ यूटीसीत आणि कालावधीसह लिहावी लागते. नुसते ‘पॅसिफिक वेळ सकाळी 7’ म्हटले तर उन्हाळ्यात ती 14:00 आणि हिवाळ्यात 15:00 यूटीसी होते, आणि वर्षातून दोनदा गोंधळ ठरलेला. पॅचच्या फायली आधीच उतरवून घेण्याची सोय दिली तर उघडण्याच्या क्षणी डाउनलोडचा ताण येत नाही.

मग दारे एकेक करून लावायची. तासभर आधी लांबलचक मोहिमा आणि गुणांकनाचे सामने नव्याने सुरू होणे थांबते. पंधरा-वीस मिनिटे आधी देवाणघेवाण, लिलाव, पार्सल आणि खऱ्या पैशांची खरेदी बंद. यानंतर लॉगिन बंद होते, आणि सगळ्यात शेवटी आत असलेल्यांना बाहेर काढले जाते. व्यापार आधी का, तर एका वस्तूच्या देवाणघेवाणीत दोन पात्रांच्या नोंदी बदलतात. देणाऱ्याची नोंद जतन झाली आणि घेणाऱ्याची राहिली तर वस्तू नाहीशी होते. उलट झाले तर दोन होतात. खेळाडू ज्याला ‘ड्यूप’ म्हणतात ती चोरी अनेकदा याच फटीतून होते, आणि सर्व्हर मुद्दाम पाडून ती करू पाहणारेही असतात. दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात, म्हणजे लिहिल्या तर दोन्ही नाहीतर एकही नाही अशा रीतीने, लिहिणे हा त्यावरचा पक्का उपाय.

सगळे बाहेर गेले म्हणून प्रक्रिया लगेच मारायची नसते. चालू सेशन (जोडलेले खेळाडू) शून्य आणि डेटाबेसमध्ये लिहायच्या बाकी नोंदी शून्य, असे दोन्ही आकडे दिसल्यावरच थांबवायची, आणि मग बॅकअप. अनेक गेम पात्राची स्थिती काही मिनिटांच्या अंतराने जतन करतात. हे अंतर पाच मिनिटांचे असेल तर अचानक पडलेल्या सर्व्हरमागे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंतचा खेळ वाया जातो. खेळाडू त्याला ‘रोलबॅक’ म्हणतात. बंद काळात लिलावाची घड्याळे, पिकांचे टायमर, तात्पुरत्या बंदीची मुदत चालू राहणार की थांबणार, हेही आधी ठरवून जाहीर करायला हवे. हा तपशील हमखास विसरला जातो.

आतल्या कामात महत्त्वाची गोष्ट एकच: परत फिरण्याची वेळ. खिडकी, म्हणजे मेंटेनन्ससाठी जाहीर केलेला काळ, चार तासांची आहे, जुन्या आवृत्तीवर परतायला 75 मिनिटे आणि त्यानंतरच्या चाचणीला 30 मिनिटे लागतात, तर सुरुवातीपासून सव्वादोन तासांनंतर परतीचा रस्ता वेळेत पुरा होत नाही. तोवर डेटाबेसचा बदल संपला नसेल तर माघार घ्यायची. बदलाला किती वेळ लागतो हे खऱ्या डेटाच्या प्रतीवर तालीम करूनच कळते; छोट्या चाचणी-डेटावरचा अंदाज नेहमी फसवा. उघडण्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या खात्यांनाच आत सोडून लॉगिन, खरेदी, देवाणघेवाण, सामना आणि तुटलेली जोडणी पुन्हा जुळणे एवढे तपासतात.

उघडताना होणारी गर्दी

समजा लॉगिन सर्व्हर सेकंदाला 500 जणांना आत घेतो आणि बाहेर 2 लाख खेळाडू थांबले आहेत. सगळे शिस्तीने आले तर सात मिनिटांच्या आत काम होते. पण क्लायंट दर 5 सेकंदांनी आपणहून पुन्हा प्रयत्न करत असेल, तर सेकंदाला 40,000 विनंत्या येतात, क्षमतेच्या 80 पट. त्यातल्या बहुतेकांची मुदत उत्तर तयार होईपर्यंत उलटून गेलेली असते. सर्व्हर राबतो आणि आत कोणीच पोहोचत नाही. त्यातच कॅशे (वारंवार लागणाऱ्या माहितीचा हाताशी ठेवलेला साठा) रिकामी असल्याने प्रत्येक पात्राची माहिती थेट डेटाबेसमधून काढावी लागते.

उपाय दोन बाजूंनी करावे लागतात. क्लायंटने प्रयत्नांतले अंतर 1, 2, 4, 8 सेकंद असे दुपटीने वाढवत मिनिटापर्यंत न्यायचे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालायची, नाहीतर सगळे एकाच ठोक्याला परत येतात. सर्व्हरने रांग लावायची, आणि जोडणी तुटलेल्याची जागा काही मिनिटे राखायची. 15 मे 2012 रोजी डायब्लो 3 च्या पहिल्या दिवशी गाजलेला ‘एरर 37’ हा लॉगिन सर्व्हर भरल्याचाच निरोप होता. फायनल फँटसी 14 च्या एंडवॉकर विस्ताराच्या वेळी, डिसेंबर 2021 मध्ये, रांगा तासन्‌तास चालल्या आणि रांगेतलेच लोक 2002 क्रमांकाच्या त्रुटीने बाहेर फेकले गेले. कंपनीने गेमची विक्रीच काही काळ थांबवली आणि सदस्यांना एकूण 21 दिवस मोफत दिले.

ईव्ह ऑनलाइनचा मार्ग निराळा आहे: प्रचंड लढाईत सर्व्हर पडू देण्याऐवजी तिथला काळच मंदावतो, अगदी 10 टक्क्यांपर्यंत.

अचानकचे आउटेज

रोब्लॉक्स 28 ते 31 ऑक्टोबर 2021 दरम्यान 73 तास बंद होता. सर्व्हरांना एकमेकांचा पत्ता देणाऱ्या कॉन्सल या प्रणालीत नव्याने चालू केलेली स्ट्रीमिंग सुविधा जड भाराखाली अडखळली, आणि तिच्या आतल्या बोल्टडीबी या साठवणीतला जुना दोष त्यात मिसळला. काय बिघडले ते दाखवणारी निरीक्षण-यंत्रणाही कॉन्सलवरच अवलंबून होती, त्यामुळे शोध लांबला. उघडताना मात्र त्यांनी घाई केली नाही. नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसच्या मदतीने सुमारे दहा-दहा टक्के खेळाडू आत सोडले.

प्लेस्टेशन नेटवर्क 20 एप्रिल 2011 रोजी घुसखोरीमुळे बंद झाले, 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा परतायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्गमधल्या ओव्हीएच डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा रस्टचे 25 युरोपीय सर्व्हर डेटासकट गेले. बॅकअप दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवावा तो यासाठी.

खेळाडूने काय करावे

आधी गेमचे अधिकृत स्टेटस पान पाहावे. ते हिरवे दिसले तरी पहिली दहा-पंधरा मिनिटे त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ते अनेकदा हाताने बदलले जाते. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहावे. तिथे चालले तर दोष घरच्या जोडणीत किंवा सेवादात्याच्या मार्गात आहे. ट्रेसरूटमध्ये (सर्व्हरपर्यंतच्या मार्गातले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीत) शेवटी चांदण्या (*) दिसल्या म्हणजे सर्व्हर मेला असे नव्हे; गेमचे सर्व्हर असल्या चाचणीला उत्तर देणे बहुधा बंदच ठेवतात. गेम काढून पुन्हा टाकणे हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. पासवर्ड बदलण्याचा खटाटोपही नको, कारण खात्यांचा सर्व्हरही त्याच वेळी आजारी असू शकतो.

मेंटेनन्सच्या आधी वीस मिनिटे लांब मोहीम हाती घेऊ नये, पात्र सुरक्षित जागी आणून लॉगआउट करावे. रांगेत असाल तर क्लायंट बंद करू नये. पैसे कापले गेले आणि वस्तू आली नाही तर पुन्हा खरेदी न करता पावतीचा क्रमांक ठेवावा. गूगल प्लेवर गेमने तीन दिवसांत पोच दिली नाही तर रक्कम आपोआप परत होते. ‘भरपाई मिळवा’ म्हणून येणाऱ्या लिंक आउटेजच्या दिवशीच जास्त फिरतात. खरी भरपाई गेमच्या आतल्या टपालपेटीत येते.

भरपाईच्या रीती वेगवेगळ्या आहेत. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये सहा आठवड्यांनी येणाऱ्या आवृत्तीसाठी साधारण पाच तासांचे मेंटेनन्स होते आणि दर तासाला 60 प्रिमोजेम (गेममधले चलन), म्हणजे एकूण 300, दिले जातात. फेब्रुवारी 2025 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क सुमारे 24 तास बंद राहिले, तेव्हा त्याच्या प्लस या सशुल्क योजनेच्या सदस्यांची मुदत पाच दिवसांनी वाढवली गेली. टपालपेटीतल्या भेटीला बहुतेक ठिकाणी मुदत असते आणि ठरावीक पातळी गाठलेल्या खात्यांनाच ती मिळते, तेव्हा सूचनेतल्या अटी वाचून ती वेळेत उचलावी.