हावडा ब्रिज: करामत नट-बोल्टची नाही, सांध्यांची

कोलकात्याच्या हावडा ब्रिजमध्ये एकही नट-बोल्ट नाही, केवढा हा चमत्कार, असा मजकूर मोबाइलवर सारखा फिरत असतो. नट-बोल्ट नाहीत हे खरं, पण त्या काळी पोलादी पूल रिव्हेट, म्हणजे एका टोकाला गोल डोकं असलेल्या जाड पोलादी खिळा, ठोकूनच जोडत. लालभडक तापवलेला रिव्हेट भोकात घालून त्याचं दुसरं डोकं ठोकायचं. थंड होताना तो आखडतो आणि पत्रे गच्च आवळतो. आपल्याकडच्या जुन्या रेल्वेपुलांवरही ही गोल डोकी दिसतात. हावड्याची खरी करामत वेगळी आहे आणि ती मला फार आवडते.

हुगळीवर 1874 पासून तरंगता पूल होता. नवा बांधताना अडचण होती गाळाची. पात्रात खांब रोवले, तर गाळ साचून जहाजांची वाट बुजणार. म्हणून दोन मनोरे काठांशी उभारून मधले 1500 फूट, म्हणजे 457 मीटर, एका झेपेत ओलांडायचे ठरले. आराखडा रेंडेल, पामर अँड ट्रिटन या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीचा. साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी सुमारे 23 हजार टन टाटांचं. भर युद्धात, 3 फेब्रुवारी 1943 रोजी पूल खुला झाला.

आता मुख्य गोष्ट. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईला वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, तर जोर चौपट. इथे प्रत्येक मनोऱ्यापासून 468 फुटांचा बाहू, घराच्या गॅलरीसारखा, नदीवर पुढे काढला आहे. या दोन बाहूंच्या टोकांच्या मध्ये 564 फुटांचा तुकडा टांगला आहे. बेरीज बरोबर 1500. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे आहेत. बिजागरी वजन पलीकडे पोचवते, वाकवणारा जोर पोचवत नाही. त्यामुळे मधला तुकडा स्वतंत्र छोटी तुळई ठरतो. 564 भागिले 1500, त्याचा वर्ग: 0.14. म्हणजे मध्यावरचा जोर साधारण सातपट कमी! उरलेला जोर मनोऱ्यांपाशी एकवटतो, म्हणून तिथे सांगाडा सर्वांत उंच आणि मध्यावर बुटका. बाहूंच्या भाराने मनोरे नदीकडे कलू नयेत म्हणून मागे 325 फुटांचे बाहू आहेत. त्यांची टोकं वर उचलली जाऊ पाहतात, ती जमिनीत जखडलेली आहेत.

या सांध्यांमुळे आधारांवरची बळं निव्वळ समतोलाच्या समीकरणांतून निघतात. एखादा पाया मऊ गाळात किंचित खचला, तरी अखंड तुळईत निर्माण होतो तसा जादा ताण इथे येत नाही. ऊनही सांभाळलं जातं: 20 अंशांच्या फरकाने एवढं पोलाद सुमारे 11 सेंटिमीटर लांबतं, ती हालचाल सांधे सामावून घेतात.

रात्री बाराला पूल बंद ठेवतात, नाहीतर तो कोसळेल, अशीही कथा सांगतात. ती निराधार आहे. पोलादावर वजन, वारा, ऊन आणि गंज यांचा परिणाम होतो, घड्याळाचा होत नाही. खरा उपद्रव पानाच्या पिचकाऱ्यांचा आहे. चुना-कातमिश्रित थुंकीने लटकत्या पोलादी दांड्यांच्या बुडाची आवरणं इतकी झिजली, की त्यांवर फायबरग्लासची कवचं चढवावी लागली.