औद्योगिक कादंबरी आणि मँचेस्टर

औद्योगिक कादंबरी : इंग्लंडमधील सुरुवातीच्या कारखानदारीचे आणि तिने घडवलेल्या शहरांचे चित्रण करणारी, मुख्यतः १८४० ते १८६० या काळातली वास्तववादी कादंबरी. सामाजिक इतिहासाचे अभ्यासक ती साधन म्हणूनही वाचतात. असे वाचन कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसते, हे मँचेस्टरच्या उदाहरणावरून चांगले कळते.

१८०१ साली मँचेस्टरची लोकसंख्या सुमारे ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती तीन लाखांवर गेली. कापड गिरण्यांसाठी माणसे आली, पण त्यांच्यासाठी घरे, गटारे आणि पाणी आले नाही. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या आरोग्य अहवालात मँचेस्टरच्या मजूरवर्गातले मृत्यूचे सरासरी वय १७ दिले आहे. ग्रामीण रटलंडमधल्या मजुरांचे ३८. (१७ हा आकडा इतका खाली येतो तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे.) त्या घरांत रोजचा दिवस कसा जात होता, ते मात्र अहवालात सापडत नाही.

एलिझाबेथ गॅस्केल यांनी ते लिहिले. त्यांचे पती क्रॉस स्ट्रीट चॅपलमध्ये धर्मोपदेशक होते, आणि १८३२ पासून त्या मँचेस्टरमध्येच राहत होत्या. १८४५ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा तापाने गेला. त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी लिहायला घेतलेली कादंबरी म्हणजे ‘मेरी बार्टन’. ती १८४८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली.

सुरुवातीच्या एका प्रकरणात बार्टन कुटुंब पाहुण्यांना चहाला बोलावते. घर मजुराचे, पण चार पैसे गाठीला असलेले : खिडकीत फुलझाडे, भिंतीला टेकवून ठेवलेला चकचकीत हिरवा ट्रे. शेजारच्या तळघरात एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्या ॲलिसलाही बोलावणे जाते, मात्र येताना स्वतःची कपबशी घेऊन ये, असा निरोप असतो. घरात कप सहाच आणि माणसेही सहा झालेली. पुढे मंदी येते, काम सुटते आणि एकेक वस्तू गहाण पडते. तो ट्रेही बापाच्या पोटाला भाकर मिळावी म्हणून जातो. एका घराची चढती आणि उतरती कळा एवढ्या जवळून दाखवणारी नोंद त्या काळच्या सरकारी कागदांत मिळणे अवघड. जवळच एका तळघरात डॅव्हेनपोर्ट हा बेकार मजूर तापाने मरतो आहे. ओल्या विटांच्या जमिनीतून रस्त्यावरचे घाण पाणी पाझरते आणि मुले त्यावरच लोळतात. तिथे बार्टन आपला चांगला कोट आणि रेशमी रुमाल गहाण टाकून पाच शिलिंग आणतो.

पात्रे लँकेशरची बोली बोलतात, आणि गॅस्केल यांचे पती तळटीपांतून तिच्यातले शब्द जुन्या इंग्रजी साहित्यातून दाखवून देतात. मजुरांची भाषा अशुद्ध नाही, जुनी आहे, हे वाचकाला पटवण्याची ती धडपड होती.

कथानकाबाबत मात्र सावध राहावे लागते. कादंबरीचे मूळ नाव ‘जॉन बार्टन’ असायचे होते. चार्टिस्टांचे, म्हणजे मजुरांसाठी मताधिकार मागणाऱ्या चळवळीचे, निवेदन घेऊन लंडनला गेलेला आणि संसदेच्या दारातून परतलेला तो गिरणी कामगार गिरणीमालकाच्या मुलाचा खून करतो. तिथून कथा मुलीच्या प्रेमाकडे वळते आणि शेवटी तरुण जोडपे कॅनडाला जाते. शहराच्या प्रश्नाला शहरात उत्तर सापडत नाही. समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्ये याच वळणावर बोट ठेवले. मालकांची बाजू घेणाऱ्या डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी १८४९ मध्येच पुस्तक एकांगी ठरवले होते. शिवाय मेरी स्वतः गिरणीत जात नाही, कपडे शिवायला शिकते. त्यामुळे गिरणीत राबणाऱ्या मुली या पुस्तकात बाजूलाच राहतात.

डिकन्स यांचे ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) जास्त वाचले जाते, पण त्यातले कोकटाऊन हे काल्पनिक गिरणीशहर पाहुण्याने पाहिलेले आहे. मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी त्याच वर्षी उभी राहिली. इथल्या गिरणी कामगारांवरची मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ यायला १९३३ उजाडले.

गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये (१८५४-५५) बेसी हिगिन्स भेटते. कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात कापसाचे तंतू छातीत जाऊन ती एकोणिसाव्या वर्षी मरणाला टेकली आहे. ती सांगते, काही गिरण्यांत वारा खेळवून तंतू बाहेर टाकणारे चाक बसवतात. पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काहीच नाही, म्हणून फार थोडे मालक ते घेतात. काही कामगारांनाही ते नको असते, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते थांबले की भूक जास्त लागते, आणि तेवढ्या मजुरीत पोट भरत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही आढळलेला हा आजार पुढे ‘बिसिनोसिस’ म्हणून ओळखला गेला. त्याच्यासाठी नुकसानभरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये १९४० साली झाला.