बिघडलेलं केशरोपण आणि दोन मिलिमीटरचं अंतर

"समजा बिघडलंच, तर पुन्हा करून घेईन. त्यात काय एवढं?" केशरोपण करून घ्यायला निघालेल्या एका तरुण मित्राचं हे वाक्य ऐकलं आणि मला माझ्या मामांचं कपाळ आठवलं. मामांनी १९८८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी केस लावून घेतले. त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं ते टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडले नाहीत. ती टोपी टकलासाठी नव्हती, लावलेल्या केसांसाठी होती. टूथब्रशचे केस जसे एकेका भोकातून झुपक्याने उभे राहतात, तसे त्यांच्या कपाळाच्या वरच्या कडेला एका ओळीत झुपके उभे होते आणि दोन झुपक्यांच्या मध्ये गुळगुळीत कातडी.

माझ्या मित्राच्या डोक्यात हिशेब असा होता की भिंतीचा रंग फसला तर आपण तो खरवडून दुसरा हात मारतो, तसंच हे. पण रंगाचा दुसरा डबा आणता येतो. केशरोपणात नवा केस तयार होतच नाही. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस उचलून पुढे लावायचे, एवढंच घडतं. तो पट्टा म्हणजे मुख्य साठा. एकदा उचललेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही.

मुळात हे लावलेले केस टिकतात तरी का? टक्कल पडतं ते डीएचटी या संप्रेरकाला समोरच्या आणि माथ्यावरच्या मुळांनी दिलेल्या प्रतिसादामुळे. तिथली मुळं प्रत्येक नव्या केसागणिक बारीक होत जातात. मागच्या पट्ट्यातली होत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५२मध्ये मागची कातडी पुढे लावून पाहिली आणि १९५९मध्ये निष्कर्ष छापला: जागा बदलली तरी केसाचं मूळ आपला जुना स्वभाव सोडत नाही. (जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९मध्येच भाजलेल्या डोक्यांवर असं रोपण केलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत ते काम पश्चिमेकडे पोचलंच नाही.) ओरेनट्राइक यांचं तत्त्व आजही खरं आहे. चुकलं ते माप. त्या काळात कातडी काढायला ४ मिलिमीटर व्यासाची गोल पोकळ पाती वापरत. त्यातून निघणाऱ्या गोल तुकड्याला प्लग म्हणत.

आता थोडं गणित करू. टाळूवर केस एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचा एक पुंजका असतो, सोबत त्याची तेलग्रंथी आणि इवला स्नायू. अशा पुंजक्यांची घनता एका चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५. चार मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटर, म्हणजे एका प्लगमध्ये दहा पुंजके, वीस-बावीस केस. टकलावर इतकी दाटी आजूबाजूला कुठेच नसल्यामुळे तो झुपका उठून दिसतो. भर म्हणून जखम भरताना व्रण आकसतो, प्लग चहूबाजूंनी आवळला जातो आणि केस आणखी जवळ येतात.

पण मामांच्या झुपक्यांत मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच होती. जवळून पाहिलं तर बरेच झुपके मधोमध रिकामे होते. कडेने केसांचं कडं आणि आत पांढुरकी कातडी. डॉक्टर याला डोनट म्हणतात. मधलेच केस का मेले? याचं उत्तर शाळेत शिकलेल्या विसरणात (डिफ्यूजन, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे पदार्थाचं आपोआप पसरणं) आहे, आणि माझ्या मते केशरोपणाची निम्मी कथा या एका उत्तरात सामावलेली आहे.

उचललेल्या तुकड्याच्या रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात. नव्या जागी ठेवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला रक्त मिळतच नाही. खाचेच्या भिंतींतून पाझरणारा द्रव तो स्पंजासारखा शोषतो आणि त्या द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर तग धरतो. मग खालच्या केशवाहिन्यांची टोकं तुकड्यातल्या तुटक्या टोकांना येऊन मिळतात, नव्या वाहिन्या फुटतात आणि आठ-दहा दिवसांत तुकडा पक्का बसतो. (केसासारख्या बारीक म्हणून आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो, प्रत्यक्षात त्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्याच जाड असतात.) म्हणजे जगण्या-मरण्याचा सगळा निवाडा त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो आणि तो ऑक्सिजन आत किती खोल पोचतो यावर ठरतो.

विसरणाचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो. अंतर चौपट, तर वेळ सोळापट. शिवाय वाटेतली प्रत्येक पेशी जाता जाता आपला वाटा खाते, त्यामुळे एका खोलीनंतर पुढे काही उरतच नाही. निरोगी शरीरात बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाहून लांब नसतात, ते उगाच नव्हे. आता प्लगकडे पाहा. कडेपासून मध्यापर्यंत दोन मिलिमीटर. कडेचे केस द्रवाला लागून असल्यामुळे जगले, मधल्यांपर्यंत ऑक्सिजन पोचलाच नाही. आजचा ग्राफ्ट, म्हणजे एकच पुंजका, एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. त्याचा मध्य कडेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. प्लगच्या तुलनेत अंतर पाव, वेळ सोळावा हिस्सा. घनफळाच्या मानाने पृष्ठफळ जितकं जास्त, तितकं जगणं सोपं. याच कारणाने बर्फाचा चुरा लादीपेक्षा लवकर वितळतो. फरक एवढाच की इथे कडेने आत शिरायचा असतो तो ऑक्सिजन.

पुंजका हेच निसर्गाचं एकक आहे हे १९८४मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी टाळूचे आडवे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. पुढे बॉबी लिमर यांनी डोक्याच्या मागच्या कातडीची पट्टी कापून ती सूक्ष्मदर्शकाखाली पुंजक्या-पुंजक्याने सोडवायची पद्धत रुळवली. आणि मग जुनी बिघडलेली डोकी दुरुस्त करायचा मार्ग सुचला, जो मला फार सुंदर वाटतो: बिघडलेला प्लग हाच नवा साठा मानायचा.

मामांची दुरुस्ती झाली तेव्हा मी जीवशास्त्र शिकवतो म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. प्लगपेक्षा किंचित लहान पंच (तीच गोल पोकळ पाती) त्यांनी मुद्दाम मध्यावर न ठेवता एका बाजूला सरकवून लावला, त्यामुळे मागे चंद्रकोरीसारखी केसांची कड शिल्लक राहिली. ती कड तिथेच ठेवायची. विरळ झाली की तीही नैसर्गिक दिसते. भोक एका टाक्यात मिटवलं. निघालेला तुकडा थंड सलाइनमध्ये ओल्या काचेवर आला. भिंगाखाली तो मोत्यासारखा पांढरा, चिवट दिसत होता. पंचवीस वर्षांचा व्रण. निरोगी टाळूत मुळं समांतर उभी असतात. इथे ती व्रणाच्या ओढीने वाकली होती, दोन तर एकमेकांवर आडवी आली होती. तंत्रज्ञ बाईंनी पात्याने व्रण सोलत सोलत एकेक पुंजका मोकळा केला. "सर, हे बघा, हे अर्ध्यात तुटलं," असं म्हणून त्यांनी एक मूळ बाजूला ठेवलं. त्या तुकड्यातून सहा पुंजके धड निघाले. त्याच दिवशी, प्लगच्या ओळीच्या पुढे, त्यातले एकेरी केसांचे पुंजके वेगवेगळ्या जागी लावले गेले.

पुढच्या रांगेत एकेरी केसच का? निरोगी कपाळाची कड नीट पाहा. तिथे रेघ नसते. दोन-चार मिलिमीटरचा एक विस्कळीत पट्टा असतो, त्यात बारीक, एकेकटे केस पुढेमागे पसरलेले, आणि मग हळूहळू दाटी सुरू होते. पुढच्या ओळीत तीन-चार केसांचे पुंजके लावले की ग्राफ्ट कितीही बारीक असला तरी डोळ्याला खटकतो. ही चूक आजच्या पद्धतीतही होते.

दुसरी चूक कोनाची. कपाळावरचे केस कातडीला जवळजवळ टेकून, पंधरा-वीस अंशांच्या तिरप्या कोनात पुढे झुकलेले असतात. माथ्यावर भोवरा असतो. तिरपे केस कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि थोड्या केसांत जास्त कातडी झाकतात. सरळ उभे लावलेले तेवढेच केस उघडे पडतात. कोन ठरतो खाच मारताना, आणि जखम भरली की तो कायमचा. विंचरून, तेल लावून तो बदलत नाही. असा ग्राफ्ट उकरून काढून योग्य कोनात नव्याने लावणं हाच उपाय. फार खाली आणलेली केशरेषाही अशीच एकेक पुंजका उचलून वर सरकवतात. जे वापरण्याजोगे नाहीत ते लेसरने जाळतात. लेसर केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर चालतो, पांढऱ्या केसाला तो ओळखत नाही.

मागच्या साठ्याची हानी मात्र जास्त अवघड. सुमारे एक मिलिमीटरच्या पंचने एकेक पुंजका काढताना हात सैल सुटला, एकाच जागेवरून फार घेतलं, तर मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीच्या कापडासारखी दिसते. आयुष्यभरात मागून सुरक्षितपणे काढता येतात ते साधारण ४ ते ६ हजार ग्राफ्ट, माणसागणिक कमी-जास्त. पहिल्याच वेळी त्यातले बरेचसे वाया गेले असतील तर दाढीकडे वळावं लागतं. दाढीचा केस जाड, म्हणून पुढच्या रेषेत चालत नाही. मागच्या व्रणात किंवा मध्यभागी भर घालायला उपयोगी. व्रणात लावतानाही सावध राहावं लागतं, कारण तिथे केशवाहिन्या कमी. पुन्हा तेच विसरण. दाटीने लावलेले ग्राफ्ट त्या थोड्याशा रक्तासाठी भांडतात आणि बरेच दगावू शकतात. म्हणून आधी थोडे लावून पाहतात, धरले तर पुढे. काही जण व्रणावर केसांच्या खुंटांसारखे रंगाचे ठिपके गोंदवून घेतात. दुरून पाहणाऱ्याला ते पुरतं.

"हवे तेवढे ग्राफ्ट एका बैठकीत" आणि "स्टेम सेलमधून अमर्याद केस" अशा जाहिराती पाहिल्या की मला चीड येते, कारण त्यांना बळी पडणारा माणूस आधीच एकदा पोळलेला असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पॅपिला पेशी प्रयोगशाळेतल्या सपाट बशीत वाढवल्या की नवा केस घडवायचा आदेश देण्याची क्षमता हरवून बसतात. त्यांचे गोळे करून वाढवलं तर ती काही अंशी परत येते, हे २०१३मध्ये दिसलं. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे, पण दवाखान्यात विकत मिळण्याजोगं अजून काही नाही. कांद्याचा रस मेलेलं मूळ जिवंत करत नाही. गुळगुळीत तासल्याने केस दाट येतात हाही समजच; कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तो जाड भासतो.

दुरुस्तीची घाईही नडते. रोपणानंतर दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात, मूळ विश्रांतीत जातं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोवळे केस डोकावतात आणि खरं चित्र दिसायला वर्ष लागतं, कधी दीड. तिसऱ्या महिन्यात आरशात पाहून "फसलं" म्हणत दुसऱ्या दाराशी जाणारे खूप असतात, आणि चांगला डॉक्टर त्यांना परत पाठवतो. शिवाय पंचविशीतलं टक्कल तिथेच थांबत नाही. लावलेले केस राहतात, त्यांच्या मागचे मूळचे गळत जातात आणि मध्ये रिकामं मैदान तयार होतं. त्या मैदानासाठी साठा राखलेला असला पाहिजे.

मामांच्या तीन बैठका झाल्या, दर दोन बैठकींच्या मध्ये जवळपास वर्षाचं अंतर ठेवून. कपाळाच्या कडेला हात लावला तर कातडी अजून थोडी खडबडीत लागते, जुन्या प्लगच्या जागी. दाट केस त्यांना मिळाले नाहीत. तेवढा साठाच उरला नव्हता. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं वाऱ्यात उभे होतो आणि त्यांचे कपाळावरचे केस भुरभुर उडत होते, एकेकटे, वेगवेगळ्या दिशांना. टोपी त्यांनी घरीच ठेवली होती.