बुडण्यासाठी बांधलेला पूल: कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची पार्श्वभूमी

पावसाने जोर धरला की पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येऊ लागतात. बाहेरच्या माणसाला ती बांधकाम फसल्याची बातमी वाटते. पण पुरात बुडायचं, हे या बंधाऱ्याच्या रचनेतच धरलेलं आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1907-08 च्या सुमारास पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. ते पूर्णत्वाला गेलं स्वातंत्र्यानंतर. धरणातलं पाणी शेतापर्यंत न्यायचं कसं, याला इथे मिळालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: नदीलाच कालवा करायचं. धरणातून पाणी पात्रात सोडायचं, जागोजागी बंधाऱ्यांनी अडवायचं आणि काठावरच्या मोटारींनी उपसून उसाला द्यायचं. पाणी दोन्ही काठांच्या आतच साठत असल्यामुळे जमिनी बुडत नाहीत, गावं उठवावी लागत नाहीत.

बंधाऱ्याची रचना साधी आहे. पात्रात ओळीने खांब, खांबांच्या बाजूंना उभ्या खाचा. पाऊस संपला की या खाचांत बर्गे, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी फळ्या, एकावर एक बसवतात. जुन्या पद्धतीत बर्ग्यांच्या दोन रांगा असतात आणि मधल्या फटीत माती ठासतात, म्हणजे गळती कमी होते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बर्गे काढायचे. खांबांमधले गाळे मोकळे झाले की पूर आरपार जातो आणि गाळही सोबत नेतो. पक्क्या भिंतीमागे तो वर्षानुवर्षं साचत राहिला असता. बर्गे काढायला उशीर झाला, तर मात्र झाडंझुडपं आणि जलपर्णी गाळ्यांत अडकते आणि पाण्याला फुगवटा येतो. बर्गे काढणाऱ्या-घालणाऱ्या माणसांवर ही सगळी व्यवस्था उभी आहे, आणि त्यांचं नाव कधी कुठे येत नाही.

खांबांवर स्लॅब पडला आणि पलीकडच्या गावाला जवळचा रस्ता मिळाला. बंधारा तिथूनच पूल झाला. शाळकरी मुलं, दुधाच्या गाड्या, वैरणीचे भारे त्यावरून जाऊ लागले. कठडे बुटके असतात किंवा नसतातच, कारण उंच कठड्यात पुराचा कचरा अडकतो.

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरच पंचगंगेची पातळी मोजतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

पुरात वाट बंद झाली की लांबचा वळसा पडतो, म्हणून शेजारी उंच पूल हवा ही नदीकाठच्या गावांची मागणी रास्तच आहे. पण तो पूल बांधताना पात्रात मातीचा भराव टाकू नये. गाळे मोकळे ठेवून बंधाऱ्याने पुराला जी वाट दिली, तीच भरावाने अडेल आणि पाणी गावांत शिरेल.