नऊवारीतला ‘वार’ आणि शिवलेलं लुगडं

‘नऊवारी’ हे नाव लुगड्याइतकं जुनं नाही. पूर्वी लुगडं हातांवर मोजत: सोळा हाती, अठरा हाती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण १८ इंच. वार ३६ इंचांचा, म्हणून अठरा हातांचे नऊ वार झाले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, वार व्यवहारातून गेला आणि नावात राहिला. खरा घोळ ‘पाचवारी’त आहे. पाच वार म्हणजे ४.५७ मीटर, पण दुकानात त्या नावाने मिळते ती साडी साडेपाच मीटरची, म्हणजे सहा वारांची. नऊवारी मात्र सव्वाआठ मीटरच्या आसपास, नावाला बऱ्यापैकी जागते.

काष्ट्याचं ‘सकच्छ’ आणि विनाकाष्ट्याचं ‘विकच्छ’ हा जुना वाद. मुली शिकायला, नोकरीला बाहेर पडल्या तसं गोल पातळ रुळलं, आत परकर आला आणि लुगडं म्हाताऱ्यांचं ठरलं.

सध्याचा वाद शिवलेल्या नऊवारीचा. नेसायच्या लुगड्यात एक टोक कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारतात, दुसऱ्या टोकाचा पदर काढतात, मधल्या कापडाच्या निऱ्या खोचतात आणि निऱ्यांचा मधला काठ पायांतून मागे नेऊन काष्टा खोचतात. पदर आधीच लांब काढला, तर निऱ्यांना कापड पुरत नाही, काष्टा ताणतो आणि पाऊल आखडतं. सुळसुळीत सिंथेटिक कापडाची गाठ टिकत नाही, सुती कापडाची टिकते. गाठ सुटली की सगळंच सुटलं.

शिवलेलीत ही भीती नाही. पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाचायचा. ढोलपथकात किंवा नाचात तीच सोयीची, आणि तिला नाक मुरडणाऱ्यांनी तीन तास ताशा वाजवून पाहावा. पण शिंप्याने काठ कापून जोडला की ते कापड एकाच मापाचं होतं. शिवणीत दोन-तीन इंच माया (जादा कापड) ठेवलेली नसेल, तर अंग भरल्यावर नऊवारी वाया. नेसायचं लुगडं सासूचं सुनेलाही बसतं, मग उंची काही असो. बसून बसून मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन तुकडे जोडत, त्याला दंड घालणं म्हणत. त्यानंतर त्याची गोधडी होई. शिवलेलीची कातरलेली पानं गोधडीला फारशी उपयोगी नाहीत.

भाषेने मात्र यात बाजू घेतलेली दिसते. लुगडं नेसतात, शिवलेले कपडे घालतात. शिवलेली नऊवारी विकणारे ‘नेसा’ म्हणतात आणि घेणाऱ्या मुली सर्रास ‘घातली’ म्हणतात.